वाचविलेल्या पिल्लाचे पुढे काय?

भूतदया हा शब्द आम्ही वर्गात दर वर्षी शिकवतो. फळ्यावर लिहितो, अर्थ सांगतो, मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतो. ‘घरट्यातून पडलेले पिल्लू उचलून त्याला दाणापाणी देणे ही भूतदया होय,’ असे वाक्य कोणीतरी हमखास लिहितो आणि आम्ही त्यावर बरोबरची खूण करतो. पण गेल्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरी बहिणीकडे राहून आलो, तेव्हापासून ती खूण करताना आमचा हात थोडा थांबतो. का थांबतो, ते आज वाचकांना सांगायचे आहे.

ॲडलेडचे प्राणिसंग्रहालय जुने आहे. १८८३ साली ते उघडले. टॉरेन्स नदीच्या काठी, शहराला अगदी लागून. एका सकाळी बहीण, मेहुणे आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी यांच्याबरोबर आम्ही तेथे गेलो. खडकाळ जागेत काही वॉलाबी उन्हात बसल्या होत्या. वॉलाबी ही कांगारूच्याच कुळातली, पण अंगाने लहान. या जातीचे पाय पिवळसर आणि शेपटीवर पट्टे असतात. एकीच्या पोटावरच्या पिशवीतून पिल्लाचे डोके बाहेर आले होते. ते पाहून मेहुण्यांना मकायाची गोष्ट आठवली.

पिशवीतला पाहुणा

मकाया हे एका वृक्ष-कांगारूचे नाव. हे कांगारू जमिनीवर उड्या मारीत फिरत नाहीत, झाडांवर राहतात. त्यांतली गुडफेलो नावाची जात न्यू गिनी बेटाच्या जंगलातली. जंगलतोड आणि शिकार यांमुळे ती आता संकटात आहे. २०१४ साली ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात या जातीची एक मादी अंगावर फांदी कोसळून मेली. रखवालदारांनी तिची पिशवी पाहिली, तर आत पाच आठवड्यांचे पिल्लू जिवंत होते.

कांगारूचे बाळ जन्मते तेव्हा वालाच्या दाण्याएवढे असते. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही. ते आईच्या अंगावरून सरपटत पिशवीत शिरते, स्तनाग्र तोंडात धरते आणि पुढे कित्येक आठवडे सोडत नाही. आईचे दूधही पिल्लाच्या वयाप्रमाणे बदलत जाते. पाच आठवड्यांच्या अशा जिवाला बाटलीने दूध पाजून वाढविणे माणसाच्या हाताबाहेरचे होते. एरवी गोष्ट तेथेच संपली असती.

परंतु तेथील पशुवैद्यांना एक युक्ती ठाऊक होती. एका जातीच्या वॉलाबीचे पिल्लू दुसऱ्या जातीच्या वॉलाबीच्या पिशवीत वाढवायचे. दुर्मिळ जातींची संख्या वाढविण्यासाठी ती पूर्वी वापरलेली होती. वृक्ष-कांगारूवर मात्र कोणी कधी करून पाहिली नव्हती. त्यांनी एका पिवळ्या पायांच्या वॉलाबीला गुंगीचे औषध दिले आणि ते पोरके पिल्लू तिच्या स्तनाशी लावले. पिल्लाने दूध ओढले. वॉलाबीने त्याला आपले मानले. सुमारे साडेतीन महिने ते तिच्या पिशवीत राहिले. पुढे ते इतके वाढले की पिशवी त्याला पुरेना. तेव्हा गेल मेल्स नावाच्या रखवालदारीण बाईंनी त्याला आपल्या घरी नेले, रात्रंदिवस बाटलीने दूध पाजले, मुलासारखे सांभाळले. घरभर चढावे, न्हाणीघरातल्या कागदाच्या गुंडाळ्या ओढून काढाव्यात, संध्याकाळी बाईंच्या यजमानांच्या कुशीत शिरून बसावे, असा मकायाचा दिनक्रम होता. पुढे तो सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तेथे त्याला जोडीदारीण मिळाली आणि तो बाप झाला.

गोष्ट गोड आहे. आम्हीही मनात म्हटले, परत गेल्यावर मुलांना सांगू. तेवढ्यात भाचीने विचारले, “मामा, त्या वॉलाबीचं स्वतःचं बाळ मग कुठे गेलं?”

बहिणीने मेहुण्यांकडे पाहिले. मेहुण्यांनी खडकाकडे पाहिले.

यशोदेची मुलगी

प्रश्न बरोबर होता. वॉलाबीला दूध होते, ते तिला स्वतःचे पिल्लू होते म्हणून. आणि दूध पाच आठवड्यांच्या पिल्लाला चालेल असे हवे, तर तिचे पिल्लूही साधारण त्याच वयाचे हवे. या पद्धतीत परके पिल्लू आत घालायचे तर पिशवी मोकळी करावी लागते, म्हणजे दाईचे स्वतःचे पिल्लू काढावे लागते. एवढ्या लहान वयात ते बाहेर जगत नाही. ही पद्धत वापरणारे यावर जे उत्तर देतात, त्यातही तथ्य आहे. वॉलाबीच्या पोटात बहुधा आणखी एक गर्भ वाढ थांबवून वाट पाहत असतो. पिशवीतले पिल्लू गेले की तो वाढू लागतो आणि सुमारे महिनाभराने नवे बाळ जन्मते. तेव्हा दाईचे नुकसान थोडे आणि संकटातल्या जातीचा लाभ मोठा.

हिशेब खरा आहे. तरीही त्या मुलीचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना, कारण तो आम्ही पूर्वी ऐकलेला होता. गोकुळाष्टमीला आमच्या घरी आजी कृष्णजन्माची कथा सांगे. वसुदेव बाळकृष्णाला टोपलीत घालून यमुना पार करतो, यशोदेच्या कुशीत ठेवतो आणि तिची नुकतीच जन्मलेली मुलगी उचलून मथुरेला आणतो. आम्ही पोरे कृष्ण वाचला म्हणून टाळ्या पिटायचो. आमची मोठी बहीण मात्र एकदा म्हणाली होती, “आणि त्या मुलीचं काय?” कथेत ती मुलगी कंसाच्या हातून निसटली आणि देवी होऊन आकाशात गेली. वॉलाबीच्या पिल्लाला असे आकाश नव्हते.

मकायाला वाचविले ही चूक झाली असे आम्ही म्हणत नाही. जी जात पृथ्वीवरून जाऊ पाहते, तिचे एकेक पिल्लू मोलाचे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की पुण्याचा जमाखर्च लिहिताना खर्चाची बाजू कोरी ठेवू नये. वाचविलेल्या प्रत्येक जिवामागे कोणीतरी काही दिलेले असते. ते कोणी दिले हे विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प करू नये.

बर्लिनचे अस्वल

पोरके पिल्लू एक आणि आईने टाकलेले पिल्लू वेगळे. आई जिवंत असून पिल्लाला जवळ करीत नाही तेव्हा काय करावे, यावर जगात मोठा वाद झाला तो जर्मनीत. ५ डिसेंबर २००६ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात टोस्का नावाच्या ध्रुवीय अस्वलीने दोन पिल्लांना जन्म दिला आणि दोघांकडे पाठ फिरवली. टोस्का पूर्वी सर्कशीत काम केलेली होती. एक पिल्लू काही दिवसांतच गेले. दुसरे क्नुट. त्याला टोमास ड्योर्फलाइन या रखवालदाराने वाढविले. त्याच्याजवळच तो निजे, दर दोन तासांनी दूध पाजी, गिटार वाजवून दाखवी.

दुसऱ्या वर्षी क्नुट जगभर प्रसिद्ध झाला. तेव्हा वर्तमानपत्रांत एका प्राणिहक्कवाल्या गृहस्थाचे मत छापून आले, की असे माणसाळवून वाढविणे प्राण्याच्या स्वभावाविरुद्ध आहे, त्यापेक्षा मरू देणे बरे होते. लोक खवळले. पण त्या मतामागे एक जुनी तक्रार होती. त्याच डिसेंबरात लाइप्झिगच्या प्राणिसंग्रहालयात आईने टाकलेल्या एका अस्वलाच्या पिल्लाला सुई टोचून मारण्यात आले होते. ते पिल्लू आपल्या भारतातल्या, महाराष्ट्राच्या रानात मोहाची फुले खाणाऱ्या काळ्या अस्वलाच्या जातीचे. त्याबद्दल या गृहस्थाने केलेली तक्रार टिकली नव्हती. एका शहरात टाकलेले पिल्लू मारणे योग्य ठरते, तर दुसऱ्या शहरात वाढविणे योग्य कसे, असा त्याचा पेच होता.

पेच खरा, पण त्यातून मरण हेच उत्तर निघत नाही. ‘निसर्गात टाकलेले पिल्लू मरतेच, मग आपण मध्ये का पडावे,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. निसर्ग निष्ठुर आहे हे खरेच. ऑस्ट्रेलियातील टास्मानियन डेव्हिल हा प्राणी एका वेळी वीस-तीस पिल्ले जन्माला घालतो आणि आईला स्तन असतात चार. जी आधी पोहोचली ती जगली. कांगारूची मादी मागे कुत्रे लागले तर पिशवीतले पिल्लू टाकून स्वतःचा जीव वाचवते. रानात याला कोणी पाप म्हणत नाही.

परंतु प्राणिसंग्रहालय हे रान नव्हे. टोस्काला बर्फावरून आणून सर्कशीत नाचविले ते माणसाने. तिला भिंतीआड ठेवले, कोणाशी जोडी लावायची ते ठरविले, तेही माणसानेच. मग ती आईपण विसरली, तर ‘निसर्गाचा नियम’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. ज्याने पिंजरा बांधला, त्याला निसर्गाकडे बोट दाखविता येत नाही. न्यूरेंबर्गच्या प्राणिसंग्रहालयाने २००८ च्या जानेवारीत असे बोट दाखवून पाहिले. पिल्लांत आम्ही हात घालणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. एका अस्वलीची पिल्ले नाहीशी झाली, बहुधा तिनेच खाल्ली. मग दुसरीचे पिल्लू घाईने उचलून हातावर वाढवावे लागले.

क्नुटचा शेवट वाईट झाला. त्याचा रखवालदार २००८ साली वारला. मार्च २०११ मध्ये, वयाची पाच वर्षेही पुरी होण्याआधी, लोकांच्या डोळ्यांदेखत क्नुट तलावात पडून मेला. त्याला मेंदूचा आजार होता, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखविले. तेव्हा बाटलीच्या दुधामुळे तो मेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र एक गोष्ट नाकारता येत नाही. त्याला वाढविताना जगाने छायाचित्रे काढली, खेळणी विकली, तिकिटे विकली. मोठा झाल्यावर तो कोणाबरोबर, कसा राहील, ही काळजी त्या गर्दीत फार थोड्यांना होती.

परत जाण्याची वाट

ही काळजी घेणारी माणसेही ऑस्ट्रेलियात आहेत. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर मोगो नावाचे गाव आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तेथे वणवा आला, तेव्हा प्राणिसंग्रहालयाच्या माणसांनी गाव सोडले नाही. प्रमुख चॅड स्टेपल्स यांनी लहान माकडे आणि लाल पांडा आपल्या घराच्या खोल्यांत आणून ठेवले. सुमारे दोनशे प्राण्यांपैकी एकही गेला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तेथे कायस नावाचे गोरिलाचे पिल्लू जन्मले. आई पहिलटकरीण. पिल्लू फार आजारी पडले, उपचारासाठी आईपासून दूर न्यावे लागले. ते बरे होईपर्यंत आईचे दूध आटले. स्टेपल्स यांनी त्याला स्वतः वाढविले. रात्री ते त्याला कुशीत घेऊन झोपत. दिवसा मात्र त्याला गोरिलांच्या जागेशेजारी घेऊन बसत. आपल्या जातीचा वास, आवाज, वागणे त्याच्या अंगवळणी पडावे आणि एके दिवशी त्याने माणसाचा हात सोडून तिकडे जावे, यासाठी.

आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी पहिल्या दिवसापासून निरोपाची तयारी केली.

पर्थच्या प्राणिसंग्रहालयात तेमारा नावाची ओरांगउटान मादी जन्मली, ती आई पुआन हिच्याजवळ वाढली. २००६ साली, चौदा वर्षांची असताना, तिला सुमात्राच्या बुकित तिगापुलुह जंगलात सोडण्यात आले. प्राणिसंग्रहालयात जन्मून रानात गेलेली ती पहिली ओरांगउटान. मूल आईजवळ वाढले तर असा लांबचा प्रवासही शक्य होतो. म्हणून जेथे आई किंवा त्याच जातीची दुसरी दाई मिळेल, तेथे माणसाने बाटली उचलण्याची घाई करू नये. मेलबर्नच्या मत्स्यालयात २०२४ साली पेस्टो नावाचे पेंग्विनचे पिल्लू आईबापापेक्षा मोठे दिसू लागले म्हणून जगभर गाजले. त्यालाही हडसन आणि टँगो या पाळक आईबापांनीच वाढविले होते. ते पेंग्विनच, म्हणून पिल्लूही पेंग्विनच राहिले.

गाणे विसरलेला पक्षी

आता जे सांगतो ते शिक्षकांनी आणि पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील रानात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा मधपिऊ पक्षी आहे. पूर्वी त्याचे मोठाले थवे असत. आता रानात तीनशेहून कमी उरले आहेत. या पक्ष्याचा नर जन्मतःच गाणे जाणत नाही. घरट्यात पिल्ले असताना बाप गप्प असतो, म्हणून तरुण नर घरटे सोडल्यावर इतर वडीलधाऱ्या नरांकडून गाणे शिकतो. वडीलधारे उरले नाहीत तर शिकवणार कोण? २०२१ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, की रानातल्या सुमारे शंभरात बारा नरांना स्वतःच्या जातीचे गाणे येतच नाही. ते इतर पक्ष्यांची गाणी गातात. आणि ज्याचे गाणे वेगळे, त्याला जोडीदारीण मिळणे कठीण.

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून हे पक्षी वाढवून रानात सोडतात. खाणे, औषध, निवारा, कशाची कमतरता नाही. पण तेथे जन्मलेल्या नरांना रानातले गाणे येत नव्हते. मग त्यांना ते शिकविण्याचे ठरले. लाउडस्पीकरवरून ध्वनिमुद्रित गाणे ऐकविले, त्याने भागले नाही. रानात जन्मलेले दोन नर शिक्षक म्हणून आणले, तेव्हा पिल्ले शिकू लागली. एका शिक्षकामागे पिल्ले कमी ठेवली, तेव्हा अधिक चांगली शिकली. तीन वर्षांत रानातले गाणे शिकलेल्या तरुण नरांचे प्रमाण शून्यावरून शेकडा ४२ वर गेले.

हे वाचून आम्ही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. आमचे पणजोबा कोकणातून जहाजाने मॉरिशसला आले, तेव्हा त्यांनी गाठोड्यात दुसरे काय आणले असेल? देवाची तसबीर, थोडे कपडे आणि बोलणे. आज आमच्या मुलांना खायला-प्यायला, शाळा-दवाखाना सर्व आहे. टेपवरची मराठी गाणीही आहेत. पण गाणे टेपवरून येत नाही. समोर बसलेल्या माणसाकडून येते. पक्ष्याला जे लागते, तेच आमच्या वर्गातल्या मुलालाही लागते, हे शास्त्रज्ञांनी सांगण्याआधी आमच्या आजीला ठाऊक होते.

आमचा कोंदे

वाचकहो, दूर देशाच्या चुका दाखविणे सोपे असते, म्हणून स्वतःची एक सांगतो. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना उसाच्या मळ्याकडेच्या झुडपाखाली कोंदेचे पिल्लू सापडले. आपल्याकडे ज्याला कोंदे म्हणतात तो लाल गालांचा बुलबुल, आपल्यासारखाच भारतातून या बेटावर आलेला. आजी म्हणाली, “झुडपात ठेवून ये रे, त्याची आई बघत असेल.” आम्ही ऐकले नाही. पिठाच्या गोळ्या, पपई भरवून त्याला वाढविले. हाक मारली की ते खांद्यावर येऊन बसे. गल्लीभर आमचे कौतुक झाले. पंख फुटल्यावर अंगणात सोडले. ते शेजारच्या मांजरापुढे जाऊन बसले, खाऊ मिळेल म्हणून. त्याला भिण्याची गरज असते, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. त्या पिल्लावर आमचे प्रेम होते आणि त्या प्रेमानेच ते गेले.

याच बेटावर मोठ्यांनी हे काम नीट करूनही दाखविले आहे. १९७४ साली मॉरिशसच्या ससाण्याचे चारच पक्षी रानात असल्याचे ठाऊक होते. डोडोनंतर याचीच पाळी, असे जग म्हणत होते. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिव्हिएर न्वारला घरट्यांतली अंडी उचलून आणली. अंडी गेली की मादी पुन्हा घालते. पिल्ले हातावर वाढविली, पण पाळीव केली नाहीत. काही रानातल्या जोड्यांच्या घरट्यांत दत्तक दिली, काहींना हळूहळू स्वतः शिकार करता येईपर्यंत अन्न ठेवले आणि मग हात काढून घेतला. आज काळ्या नदीच्या डोंगरांवर तो ससाणा फिरताना दिसतो. त्याला माणसाची ओळख नाही. यातच त्या माणसांचे यश आहे.

ॲडलेडहून निघण्याच्या आदल्या रात्री भाची पुन्हा जवळ येऊन बसली. “मामा, तुम्ही मला सांगितलं नाही, त्या बाळाचं काय झालं?” तिची आई म्हणाली, “अगं, लहान आहेस तू.” पण आम्ही सांगितले. ते बाळ जगत नाही, म्हणून सांगितले. त्याच्या जागी मकाया जगला आणि पुढे वॉलाबीला दुसरे होऊ शकते, हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग मकायाची गोष्ट सांगताना तिच्या बाळाचीपण सांगायला पाहिजे.”

शाळा उघडल्यावर आम्ही ते जुने वाक्य फळ्यावर पुन्हा लिहिले. या वेळी खूण करण्याआधी मुलांना विचारले, “दाणापाणी दिले, पुढे काय?” एक मुलगा म्हणाला, “सर, आधी त्याची आई जवळपास आहे का ते बघायचं.” दुसरी म्हणाली, “मोठं झालं की सोडायचं.” तिसऱ्याने विचारले, “पण सोडल्यावर त्याला उडता येईल का, खाता येईल का, ते कोण शिकवणार?”

त्या दिवशी व्याकरणाचा तास झाला नाही. पण भूतदया या शब्दाचा अर्थ पहिल्यांदाच आम्ही मुलांबरोबर शिकलो.